मेरीचं शेत आणि डॉक्टरांची सही

आज आम्ही तुम्हाला अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्यातल्या डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे. तेव्हा तिथेही इंग्रजांचं राज्य होतं.

डॉक्टरांचं नाव जोसाया बार्टलेट, जन्म १७२९ सालचा. ते कॉलेजात गेले नव्हते. सोळाव्या वर्षापासून एका वैद्याच्या हाताखाली राहून ते शिकले आणि एकविसाव्या वर्षी न्यू हॅम्पशायरमधल्या किंग्स्टन गावात त्यांनी दवाखाना सुरू केला. १७५४ साली तिथे घशाच्या रोगाची साथ आली, तेव्हा सिंकोनाच्या सालीचं औषध देऊन त्यांनी रोग्यांवर उपचार केले. त्याच वर्षी त्यांचं मेरीशी लग्न झालं. दोघांना बारा मुलं झाली, त्यांतली आठ मोठी झाली.

घरोघरी जाणाऱ्या डॉक्टरला लोकांची दुखणी कळतात, तशा अडचणीही कळतात. १७६५ साली लोकांनी त्यांना प्रांताच्या सभेत निवडून दिलं. तिथे ते इंग्रज गव्हर्नरच्या विरोधात उभे राहू लागले. १७७४ साली त्यांचं घर जळालं. विरोधकांनीच आग लावली, असा लोकांचा संशय होता. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला जायचं निमंत्रण होतं, पण घर उभं करायचं म्हणून ते गेले नाहीत.

पुढच्या वर्षी मात्र गेले. शेकडो मैलांचा रस्ता घोड्यावरून, आणि परत यायला महिनोन् महिने. मग घर, मुलं आणि शेती कोणी सांभाळली? मेरीने. मजूर लावणं, पिकं घरात आणणं, आजारी मुलांचं बघणं, सगळं तिच्याकडे आलं. ती नवऱ्याला पत्रं लिहायची. त्यात पिकांची, हवामानाची आणि मुलांच्या तब्येतीची खबर असायची.

जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर मतं घेतली, तेव्हा पहिलं नाव पुकारलं ते न्यू हॅम्पशायरचं. बार्टलेट यांनी होकार दिला. पुढे सह्या झाल्या तेव्हा अध्यक्ष हॅनकॉक यांच्या पाठोपाठ त्यांची सही झाली. डाव हरला असता तर ती सही म्हणजे राजद्रोह, आणि राजद्रोहाला फाशी! ही जोखीम मेरीच्याही पदरात होती.

त्या कागदावर मेरीचं नाव नाही. एकाही बाईचं नाव सही करणाऱ्यांत नाही. तेव्हाच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची जमीन नवऱ्याच्या ताब्यात जायची. बायकांच्या मताच्या हक्काची हमी अमेरिकेच्या संविधानात आली ती थेट १९२० साली.

डॉक्टर पुढे न्यायाधीश झाले, राज्याचे गव्हर्नर झाले. १७९१ साली त्यांनी डॉक्टरांची संस्था उभी केली. १७९५ साली ते वारले. मेरी १७८९ सालीच गेली होती. तिघे मुलगेही डॉक्टर झाले.

आग लागल्यावर बांधलेलं घर किंग्स्टनला आजही उभं आहे. मेरीची पत्रंही जपली गेली, म्हणून तिचं काम आज आम्ही तुम्हाला सांगू शकलो. तेव्हा मैत्रिणींनो, आपण रोज काय करतो ते आपल्या हाताने वहीत लिहून ठेवा. सही कोणाचीही असो, काम कोणी केलं ते त्या वहीतून कळेल.