पॅरानॉइड : एका कारखानदारी शहराची ध्वनिमुद्रिका

इतिहासाची साधने म्हणून आपण सामान्यतः कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि तहनामे यांच्याकडे पाहतो. विसाव्या शतकाने त्यांत ध्वनिमुद्रिकेची भर घातली. एखादा समाज कोणत्या काळी काय गात होता, कशा आवाजात गात होता आणि तो आवाज त्याला कोठून लाभला, याची नोंद तबकडीवरच्या बारीक रेषांत जशी उमटते तशी ती सरकारी अहवालांत क्वचितच सापडते. १८ सप्टेंबर १९७० रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेली ‘पॅरानॉइड’ ही लाँग-प्ले तबकडी अशीच एक नोंद आहे. ‘ब्लॅक सॅबथ’ असे भयंकर नाव धारण करणाऱ्या चार तरुणांनी ती केली. त्या वेळी चौघेही एकवीस-बावीस वर्षांचे होते. हार्ड रॉक आणि पुढे ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीताचा पाया घालणाऱ्या तबकड्यांत तिची गणना होते. हे संगीत पुष्कळांना कर्कश वाटते, आणि तसे वाटण्यात अस्वाभाविक असे काही नाही. तथापि हा कर्कशपणा आला कोठून, असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर आपल्याला एका शहराच्या इतिहासात घेऊन जाते.

ते शहर म्हणजे बर्मिंगहॅम. अठराव्या शतकात बोल्टन आणि वॅट यांनी वाफेच्या यंत्रांचा व्यवसाय तेथे उभारला आणि पुढे ‘हजार धंद्यांचे शहर’ म्हणून त्याची ख्याती झाली. टाचणीपासून मोटारीपर्यंत धातूची अशी वस्तू नव्हती की जी तेथे घडत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तेथे विमाने आणि शस्त्रास्त्रे तयार होऊ लागली, आणि म्हणूनच ऑगस्ट १९४० पासून एप्रिल १९४३ पर्यंत जर्मन विमानांनी या शहरावर वारंवार बाँबवर्षाव केला. त्यात दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. टोनी आयोमी, बिल वॉर्ड, ओझी ऑस्बोर्न आणि गीझर बटलर हे चौघे १९४८ आणि १९४९ या दोन वर्षांत जन्मले आणि ॲस्टन या कामगार वस्तीत व तिच्या परिसरात वाढले. युद्ध त्यांनी पाहिले नाही. परंतु युद्धाने पाडलेल्या घरांचे ढिगारे हीच त्यांच्या पिढीची खेळण्याची मैदाने होती.

या वस्तीतील मुलांचे भवितव्य त्यांच्या जन्माआधीच ठरल्यासारखे असे. शाळा पंधराव्या वर्षी सुटायची आणि कारखान्याचे दार उघडायचे. ऑस्बोर्नचे वडील हत्यारे घडवण्याच्या कामावर रात्रपाळी करीत. आई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात जात असे. त्याने स्वतः मोटारींचे भोंगे तपासण्याचे काम केले, कत्तलखान्यातही दिवस काढले, आणि घरफोडीच्या गुन्ह्यात दंड भरता न आल्यामुळे काही आठवडे तुरुंगही पाहिला. बटलर हिशेबनिसाचे काम शिकत होता. ठोकणाऱ्या घणांचा, दाबयंत्रांचा आणि भोंग्यांचा आवाज हा या सर्वांच्या आयुष्याचा अखंड चालू असलेला खर्ज होता.

आयोमीची कहाणी मात्र स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण या संगीताचा आवाज तिच्यातून घडला. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात सांधकाम करीत होता. गिटारवादनाच्या आधारावर परदेश दौऱ्याची संधी आल्याने त्याने नोकरी सोडण्याचे ठरवले होते. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी तो जेवायला घरी आला तो परत न जाण्याच्या विचाराने. परंतु हाती घेतलेले काम पुरे करावे, असे सांगून आईने त्याला परत पाठवले. त्या दिवशी पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरचा कामगार आला नव्हता, म्हणून त्या यंत्रावर आयोमीला उभे केले गेले. यंत्र खाली आले, आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे गेली. तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबण्याचा हात उजवा होता. म्हणजे नेमका ज्या बोटांवर स्वर अवलंबून त्याच बोटांवर घाव बसला.

वाजवणे आता विसरा, असा वैद्यकीय सल्ला मिळाला. त्या निराशेच्या काळात कारखान्यातील एक वरिष्ठ त्याच्याकडे एक तबकडी घेऊन आले. ती होती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही उरलेल्या बोटांच्या बळावर त्याने युरोपभर कीर्ती मिळवली होती. ते ऐकून आयोमीने पुन्हा वाद्य हाती घेतले. भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे घडवली, ती घासून नीट बसवली आणि तारेवरून निसटू नयेत म्हणून त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चढवले. नेहमीच्या जाड तारा त्या बोटांनी दाबवत नसत. म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारवर लावल्या. कारखान्याने मोडलेला हात त्याने कारागिराच्या पद्धतीने दुरुस्त केला, असेच म्हणावे लागेल.

या दुरुस्तीचा परिणाम संगीतावर झाला. अनेक बोटांनी धरावयाच्या गुंतागुंतीच्या स्वरसंगती त्याला अवघड जात. म्हणून त्याने दोन-तीन तारांतच भरीवपणा शोधला. मूळ स्वर आणि त्याचा पंचम यांची जोडी हा त्याच्या वादनाचा कणा बनला. आपल्याकडील श्रोत्यांना ही जोडी अपरिचित नाही. तंबोऱ्यातून षड्ज-पंचमाचा तोच संवाद आपण ऐकतो. तिच्यात गांधार नसल्यामुळे ती आनंदी की शोकाकुल याचा निर्णय होत नाही. हीच जोडी विद्युत्‌ध्वनिवर्धकातून त्याच्या शक्तीच्या पलीकडे लोटली की स्वर फाटतो, जाड होतो आणि त्याला धातूचा खरखरीत कंगोरा येतो. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तबकडीत आयोमीने तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. त्यामुळे बोटांना आराम मिळाला आणि आवाज अधिकच खोल गेला. हजारो वादक आज हीच पद्धत शैली म्हणून अनुसरतात. तिचे मूळ एका जखमेला दिलेल्या उत्तरात आहे.

हे चौघे १९६८ साली एकत्र आले. आरंभी ते अमेरिकन निग्रोंच्या ‘ब्लूज’ या गीतप्रकाराचे अनुकरण करीत. १९६९ साली मारियो बाव्हा यांच्या एका भयपटाच्या इंग्रजी नावावरून त्यांनी आपल्या संचाला ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव दिले. त्या नावाची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६९ मध्ये अवघ्या एका दिवसात मुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आली. अनेक समीक्षकांनी तिला नाके मुरडली. लोकांनी ती विकत घेतली. तेव्हा कंपनीने तातडीने दुसरीची मागणी केली आणि जून १९७० मध्ये लंडनमध्ये रॉजर बेन या निर्मात्याच्या देखरेखीखाली काही दिवसांत ‘पॅरानॉइड’ तयार झाली.

तिच्यावर एकंदर आठ रचना आहेत. पहिली ‘वॉर पिग्ज’, जवळजवळ आठ मिनिटांची. तिच्या आरंभी हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा ऐकू येतो. बर्मिंगहॅमच्या माणसाला या भोंग्याची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नव्हती. गीतरचना मुख्यतः बटलरची. युद्ध ठरवणारे सेनापती आणि राजकारणी सुरक्षित राहतात, मरण्यासाठी मात्र गरिबांची मुले पाठवली जातात, आणि अखेरीस या कर्त्यांनाही न्यायासनासमोर उभे राहावे लागते, असा त्या गीताचा आशय. व्हिएतनाममधील युद्ध तेव्हा भडकलेले होते. मे १९७० मध्ये, म्हणजे मुद्रणाच्या केवळ महिनाभर आधी, अमेरिकेतील केंट येथे निदर्शने चालू असताना सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले होते.

‘हँड ऑफ डूम’ हे गीत याच युद्धाची दुसरी बाजू दाखवते. युरोपातील अमेरिकन तळांवर हे वादक कार्यक्रम करीत, तेव्हा व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांमध्ये पसरलेले हेरॉइनचे व्यसन त्यांच्या कानी आले. त्या व्यसनाचा शेवट गीतात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. ‘इलेक्ट्रिक फ्यूनरल’ अणुयुद्धाने होरपळलेल्या जगाचे वर्णन करते. ‘आयर्न मॅन’मध्ये एक कथा आहे: एक माणूस भविष्यकाळात जाऊन मानवजातीचा विनाश पाहतो, परत येताना त्याचे शरीर पोलादाचे बनते, त्याचा इशारा कोणी ऐकत नाही, सर्व त्याची टर उडवतात, आणि संतापलेला तोच माणूस अखेर तो विनाश घडवून आणतो. या गीताची सुरावट ऐकून ऑस्बोर्नला एखादा लोखंडी माणूस चालत येत असल्यासारखे वाटले, आणि त्यातून ही कथा सुचली, असे सांगितले जाते. घणाचे ठोके ऐकत वाढलेल्या कानाला ती प्रतिमा सुचावी यात नवल नाही.

या गडगडाटात ‘प्लॅनेट कॅराव्हान’ ही एक शांत रचना आहे. तिच्यात गायकाचा आवाज फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढल्यामुळे पाण्याखालून आल्यासारखा भासतो. ‘रॅट सॅलड’मध्ये शब्द नाहीत, तेथे बिल वॉर्डच्या ड्रमवादनाला वाव मिळतो. शेवटची ‘फेअरीज वेअर बूट्स’ ही डोके भादरून, जाड बूट घालून हिंडणाऱ्या टोळक्याशी झालेल्या मारामारीच्या आठवणीतून आली, असे बटलरने सांगितले आहे.

राहता राहिली ती तबकडीला नाव देणारी रचना. तबकडीवर जागा उरली, तीन मिनिटांचे आणखी एक गीत हवे, अशी निर्मात्याची मागणी आली. इतर जण जेवायला गेले असताना आयोमीने सुरावट बसवली आणि थोड्याच वेळात गाणे पुरे झाले. भरीस घातलेले हेच गाणे इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. मूळ बेत तबकडीला ‘वॉर पिग्ज’ म्हणण्याचा होता. तो बदलण्यात आला. मुखपृष्ठावर ढाल-तलवार घेतलेला जो माणूस दिसतो तो त्या आधीच्या नावाचा अवशेष आहे. ‘पॅरानॉइड’ हा शब्द त्या गीतात एकदाही येत नाही. गीताचा विषय आहे कारण न सापडणारी उदासी, कशातही मन न रमणे आणि आपले दुःख कोणाला सांगावे हे न कळणे. बटलरला तरुणपणी या विकाराने ग्रासले होते. त्या काळच्या कामगार वस्तीत अशा दुखण्याला नाव नव्हते. मद्यगृहात जा, कुत्र्याला फिरवून आण, अशा तऱ्हेचा उपदेश मिळे. जे डॉक्टरपाशीही बोलता येत नव्हते ते या गाण्याने मोठ्याने बोलून दाखवले.

ऑक्टोबर १९७० मध्ये ही तबकडी इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तथापि या वादकांवर सैतानपूजेचा आरोप दीर्घकाळ होत राहिला. त्यांचे नाव आणि पोशाख यांनी त्याला खतपाणी घातले हे मान्य केले पाहिजे. परंतु आठही रचना समोर ठेवल्या तर त्यांत सैतानाची आराधना कोठेही नाही. त्यांत युद्धाचा निषेध आहे, व्यसनाचा धाक आहे, अणुबाँबचे भय आहे आणि मनाच्या आजाराची कबुली आहे. १९७० सालच्या वृत्तपत्रांत जे छापून येत होते तेच येथे गाइले गेले. फरक इतकाच की वृत्तपत्रे ते दिवाणखान्याच्या भाषेत सांगत होती आणि ही मुले कारखान्याच्या.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आयोमीची बोटे तुटली म्हणून हे संगीत जन्मले, हे विधान खरे असले तरी त्यावरून अपघाताचे उपकार मानण्याचे कारण नाही. त्या यंत्रांनी आणि त्यांच्यासारख्या असंख्य यंत्रांनी किती हात निकामी केले, आणि त्यांतील किती हातांत काही कला होती, याचा हिशेब कोणत्याही तबकडीवर नाही. एक हात ऐकू आला. बाकीचे निमूटपणे दुसऱ्या कामाला लागले. ही तबकडी ऐकताना त्या न ऐकू आलेल्या हातांचे स्मरण ठेवणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य ठरते.

पुढे बर्मिंगहॅम बदलले. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कारखाने एकामागून एक थंडावले. २००५ साली लाँगब्रिजचा प्रचंड मोटार कारखाना कोसळला आणि सहा हजारांच्या आसपास कामगार बेकार झाले. ज्या आवाजाची नक्कल या तरुणांनी नकळत केली तो मूळ आवाज शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. नक्कल तेवढी उरली. ज्यांना एकेकाळी सभ्य समाजाने दारात उभे केले नसते त्यांचे नाव २०१९ साली शहरातील एका पुलाला देण्यात आले, २०२३ साली बर्मिंगहॅमच्या रॉयल बॅले संस्थेने त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य बसवले, आणि जून २०२५ मध्ये चौघांना नगराचे सन्माननीय नागरिकत्व मिळाले. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर हे चौघे शेवटचे एकत्र आले. कंपवाताने जर्जर झालेल्या ऑस्बोर्नने बसून गायन केले. त्या दिवशी त्यांनी एकत्र सादर केलेल्या चार गीतांपैकी तीन या तबकडीवरची होती, आणि अखेरचे होते ‘पॅरानॉइड’. सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑस्बोर्नचे निधन झाले. अंत्ययात्रा त्या पुलाजवळ थांबली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे उभी होती. आयोमीच्या बोटांवर साठ वर्षांनंतरही ती टोपणे होतीच.