माकडांचा कळप आणि अताउल्लाह

सावलीच्या जंगलात माकडांचा कळप दिसला की मला भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तले एक उदाहरण आठवते. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग करावा, तितकी माकडे वनात खेळताहेत. उरलेली बारा टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती?

आजचा दहावीचा विद्यार्थी मांडेल : क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मग तो गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ येईल अशा दोन संख्या शोधेल, ४८ आणि १६. (क्ष − ४८)(क्ष − १६) = ०. गुणाकार शून्य आला म्हणजे एक कंस शून्य असलाच पाहिजे. माकडे ४८ किंवा १६. पडताळून पाहा, दोन्ही उत्तरे बरोबर येतात!

पण ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी हे अवयव पाडून सोडवले नव्हते. त्यांची रीत पूर्ण वर्गाची. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीचीही तीच. 'वर्ग आणि दहा मुळे मिळून ३९' हे त्याने चौरस काढून सोडवले आणि उत्तर दिले ३. आपण अवयव पाडले तर −१३ हेही मिळते. त्याने ते धरलेच नाही. भास्कराचार्य वर्गमूळ धन आणि ऋण, दोन्ही मानत. तरीही माकडांच्याच दुसऱ्या एका उदाहरणात ५० आणि ५ अशी उत्तरे आली, तेव्हा त्यांनी ५ सोडून दिले. त्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करायचे होते, आणि ऋण माकडे लोकांना कशी पटावीत?

कंसांचा गुणाकार करून समीकरण घडवण्याची रीत इंग्लंडच्या थॉमस हॅरियटच्या १६३१ मधील ग्रंथात स्पष्ट दिसते. ग्रंथ निघाला तेव्हा तो हयात नव्हता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, हिजरी १०४४ मध्ये, अताउल्लाह रशीदी यांनी भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत आणले आणि शाहजहानला अर्पण केले. त्याआधी १५८७ मध्ये फैजीने 'लीलावती' फारसीत नेली होतीच. बीजगणित आमचे की तुमचे, असे भांडणाऱ्यांना या दोन किताबांची नावेही बहुधा ठाऊक नसतात.

अताउल्लाह हे उस्ताद अहमद लाहोरींचे पुत्र. ताजमहालाचे स्थापत्य वडिलांचे मानले जाते. मुलाचे काम मात्र आपल्या मराठवाड्यात उभे आहे. पूर्वीच्या औरंगाबादेतला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातला, बीबी का मकबरा. त्याच्या दारावरच्या लेखात अताउल्लाह यांच्याबरोबर हंसपतराय हेही नाव कोरलेले आहे.