कृष्णाकाठी वसईची घंटा

महाबळेश्वरला निघालेली आपली कुटुंबे वाईला गाडी थांबवितात, ढोल्या गणपतीचे देऊळ पाहतात, चहा घेतात आणि पसरणीचा घाट चढू लागतात. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरांवरच्या मेणवली गावी वसईची एक घंटा आहे, हे आम्हांस ऐकून ठाऊक होते. पण त्यासाठी वाट वाकडी करण्याचे मनात आले नाही. यंदा आजींनी हट्टच धरला, म्हणून गेलो.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. पेशवाईच्या अभ्यासकांना मोलाचे वाटणारे 'मेणवली दप्तर' ते इथलेच. वाड्यामागे पायऱ्या उतरल्या की कृष्णेचा दगडी घाट, मेणेश्वराचे शिवालय आणि तिथेच एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेली ती घंटा. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात हा घाट दिसतो, त्यामुळे पाहुणे येतात. घंटेकडे मात्र थोडेच वळतात. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची उठावदार आकृती आहे. आजींची दृष्टी आता मंद झाली आहे. त्यांनी ती आकृती बोटांनी चाचपून पाहिली आणि बराच वेळ हात काढला नाही.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि २०५ वर्षे त्यांच्याकडे राहिली. चिमाजी आप्पांच्या वेढ्यानंतर १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा तह झाला आणि आठवड्याने पोर्तुगीज किल्ला सोडून गेले. चर्चच्या मनोऱ्यांवरील घंटा उतरवून विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे, नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर आहे. बहुतेक ठिकाणी 'चिमाजी आप्पांनी अर्पण केली' एवढेच सांगितले जाते. इथे आम्हांस थोडे अडखळायला होते. आप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. नारोशंकराचे देऊळ १७४७ चे, आणि मेणवलीचे नाना तर जन्मले १७४२ साली! तेव्हा मेणवलीची घंटा वसईहून थेट या घाटावर आली नसणार; मधली काही दशके ती कुठेतरी पडून असेल किंवा दुसऱ्याच देवळात वाजत असेल. तेवढी पाने कोरी आहेत.

"मग आपली घंटा आपण परत का मागत नाही?" आमच्या बारा वर्षांच्या नातवाने विचारले.

प्रश्न सरळ होता आणि आमच्याही मनात तो कधी आला नव्हता असे नाही. त्या काळच्या विधीनुसार बिशप नवी घंटा पवित्र पाण्याने धूत, तिला तेलाचा अभ्यंग करीत आणि संताचे नाव देत. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. अशी घंटा लढाईची लूट होऊन जावी, याचे दुःख नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण मागून ती टांगायची कुठे? ती कोणत्या चर्चची, हे आम्हांस सांगता येत नाही आणि किल्ल्यातील बहुतेक चर्चांना छप्परही उरलेले नाही. शिवाय घंटेचे कांसे म्हणजे तांबे आणि कथील, तोफा ओतण्याच्या कामाचा ऐवज. लढायांच्या त्या शतकात ही घंटा कोणी वितळविली नाही, मरियेची आकृती कोणी कानशीने घासून काढली नाही. आणि आम्ही? आमच्या धर्मग्रामातील जुन्या घंटेला तडा गेला, तेव्हा ती मोडीत वजनावर विकली गेली. तिच्यावर कोणते साल होते, हे टिपून ठेवण्याचे आम्हांपैकी एकालाही सुचले नाही. नातवाला आम्ही हेच सांगितले. त्याचे समाधान झाले नाही, आणि ते रास्तच होते.

एवढ्यात मध्यान्हीची वेळ झाली. घंटा वाजवू का, असे आजींनी पुजाऱ्यांना विचारले.

"देवाची घंटा आहे, आजी. त्याला विचारायचं काय?" ते म्हणाले.

मनोऱ्यावर दोर ओढून सगळ्या गावाला साद घालणारी घंटा इथे हाताच्या अंतरावर आली आहे. येणारा भाविक लोलक धरून आपल्यापुरता एक टोला देतो. आजींनी तीन दिले. थांबून त्रिकाळ प्रार्थनेचे पहिले चरण म्हटले, मग पुन्हा तीन. घाटावर धुणे धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या. शेवटच्या तिनांना आजींचा हात दुखू लागला, तेव्हा लोलक नातवाने धरला. त्यापुढचे नऊ टोलेही त्यानेच मोजून दिले. बाया पुन्हा कामाला लागल्या आणि घाटात गर्दी होईल म्हणून आमचा ड्रायव्हर घाई करू लागला.