दोष आईचा नव्हताच!

आज थोडा इतिहास आणि एक कबुली.

१९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवरून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नतेचं वर्णन केलं. पुढे काय झालं, तर आई मायेनं वागत नाही म्हणून मूल असं होतं, हा समज पसरला. ‘फ्रिजसारखी आई’ हा शब्दच रूढ झाला! १९६७ मध्येही ब्रुनो बेटलहाइम पुस्तकातून हेच सांगत होते.

हे खोडलं कुणी? पालकांनीच. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, हे त्यांनी १९६४ मध्येच पुस्तकात मांडलं. लंडनमध्ये १९६२ मध्ये पालकांनी संघटना काढली. त्यात मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग होत्या, त्यांचीही मुलगी स्वमग्न.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यातल्या यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात ती आली.

आता कबुली. काही वर्षांपूर्वी एका न बोलणाऱ्या मुलाच्या बातमीत मीच ‘आईचं दुर्लक्ष’ असं लिहून मोकळा झालो होतो. नंतर त्यांच्या घरी जाऊन बसलो, तेव्हा कळलं. मिक्सर लागला की पोरगं कान दाबून किंचाळतं, म्हणून ती माउली रोजचं वाटण पाट्यावर वाटते. याला दुर्लक्ष म्हणायचं?

तेव्हा गावात असं मूल दिसलं, तर आईला शिकवायला जाऊ नका. आधी तिचं ऐका. मी उशिरा ऐकलं.