केलेल्या सेवेचें बिल

इ. स. १९३२ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस लंडनच्या ग्लोब नाट्यगृहांत सॉमरसेट मॉमच्या ‘फॉर सर्व्हिसेस रेन्डर्ड’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. केलेल्या कामाबद्दल पैसे मागतांना बिलावर जे शब्द घालण्याची इंग्रजांत चाल आहे, तेंच या नाटकाचें नांव. पहिलें महायुद्ध थांबून तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं.

केंट परगण्यांतील एका लहान गांवीं लेनर्ड आर्डस्ली नांवाचा सुखवस्तु वकील राहतो. त्याचा मुलगा सिडनी युद्धांतून शौर्यपदक आणि आंधळेपण घेऊन परतला आहे. ईव्हा या कन्येचा वाग्दत्त वर रणांत पडला. चाळिशीला टेकलेली ही बाई आंधळ्या भावाशीं बुद्धिबळें खेळत दिवस कंठते. दुसरी मुलगी एथेल. लष्करी गणवेषाला भुलून तिनें एका शेतकऱ्याशीं लग्न केलें; गणवेष उतरला आणि उरला तो मद्यपी नवरा. धाकट्या लोइसला तर त्या गांवांत योग्य वरच उरलेला नाहीं. ही नाटकी अतिशयोक्ति नव्हे. १९२१ च्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्समध्यें पुरुषांपेक्षां स्त्रिया सुमारें १७ लाखांनीं अधिक भरल्या. युद्धापूर्वींहि त्या अधिक होत्याच, हें खरें. पण युद्धानें तरुण पुरुषच उचलून नेले.

नाटकांतील सर्वांत करुण पात्र मात्र घराबाहेरचें आहे. १९२२ सालीं सर एरिक गेडीज यांच्या समितीच्या शिफारशींवरून आरमाराच्या खर्चाला कात्री लागली व अनेक अधिकारी घरीं बसले. कॉली स्ट्रॅटन हा त्यांच्यापैकींच एक. युद्धनौका चालविणारा हा शूर गृहस्थ हातीं आलेल्या रकमेंतून मोटारींचें गॅरेज काढतो. व्यापार त्याला कळत नाहीं, कर्ज होतें, चेक वटत नाहींत. ईव्हा त्याला हजार पौंड देऊं करते. स्वाभिमानानें तो नाकारतो आणि तुरुंग समोर दिसतांच स्वतःवर गोळी झाडून घेतो. ईव्हाचें चित्त भ्रमतें. आईला असाध्य रोग, लोइस एका धनिक विवाहित गृहस्थाबरोबर निघालेली. आणि बाप चहा घेत घेत, आतां बरे दिवस येत आहेत, असें म्हणतो. तेवढ्यांत वेडी ईव्हा राष्ट्रगीत गाऊं लागते व पडदा पडतो.

एकाच घरावर इतक्या आपत्ति रचल्या आहेत कीं, नाटक कांहींसें कृत्रिम वाटतें. तरीहि सिडनीचें तिसऱ्या अंकांतील भाषण ऐकल्यावर हा आक्षेप दुबळा पडतो. राज्य करणाऱ्या नादान माणसांनीं आपणांस फसविलें, असें तो उघड सांगतो.

फ्लोरा रॉबसननें ईव्हा आणि राल्फ रिचर्डसननें कॉली उभा केला; तरी नाटक ७८ प्रयोगांनंतर थांबलें. १९२९ सालीं शेरिफच्या ‘जर्नीज एन्ड’ला याच लंडननें डोक्यावर घेतलें होतें. तेथें खंदकांत मेलेले वीर होते. त्यांना अश्रू वाहून घरीं जातां येत होतें. सिडनी घरींच बसलेला होता. मॉमला हें अपेक्षित असावें, कारण आपलीं शेवटचीं चार नाटकें चालतील या भरंवशानें आपण लिहिलीं नाहींत, असें त्यानें पुढें नमूद केलें. १९३३ च्या ‘शेप्पी’नंतर त्यानें रंगभूमीचा निरोप घेतला.

त्याच वर्षीं, ९ फेब्रुवारीस, राजा व देश यांसाठीं कोणत्याहि परिस्थितींत लढणार नाहीं, असा ठराव ऑक्सफर्ड युनियनच्या विद्यार्थ्यांनीं २७५ विरुद्ध १५३ मतांनीं संमत केला. त्याच पिढीवर १९३९ सालीं पुन्हां गणवेष चढविण्याची वेळ आली.