दोन रुपयांची वही



आपल्या बिदर-गुलबर्ग्याकडच्या मराठी घरांच्या आठवणी इथं नेहमी वाचतो. निजामाचा काळ, १९४८ ची पोलीस ॲक्शन, १९५६ ची भाषावार प्रांतरचना यांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मी कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे मला आठवतो तो पैशाअडक्याचा इतिहास. त्यातलं एक पान माझ्याच चुकीचं आहे. तेही आज लिहून टाकतो.

आमचं घर भालकी तालुक्यातलं. छप्पन साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. निलंग्याची आत्या एका रात्रीत परराज्यातली झाली. पण दोन्हीकडच्या बायकांची भिशी काही थांबली नाही. आईची आठ जणींची भिशी होती. महिन्याला पाच रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिला चाळीस. आईला लिहिता येत नव्हतं. कोण देऊन गेलं हे ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून लक्षात ठेवायची. १९७२ च्या दुष्काळात माझ्या परीक्षेच्या फीला वडिलांकडे पैसे नव्हते. ती फी भिशीतून भरली. म्हणजे माझी डिग्री आठ बायकांच्या पैशावर झाली म्हणा ना.

पुढे चौऱ्याहत्तर साली बँकेत लागलो. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, खेडोपाडी शाखा निघत होत्या. १९७५ मध्ये ग्रामीण बँका सुरू झाल्या. १९८० पासून आयआरडीपी सगळीकडे लागू झाली. म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, सगळं सबसिडीवर. मार्चच्या आत टार्गेट पुरं करायचं. एकच म्हैस दोन दारी बांधून दोन कर्जं उचलल्याचे किस्से त्या काळच्या कुठल्याही मॅनेजरला विचारा. त्यावर १९९० ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. आमच्या डोक्यात एकच पक्कं बसलं, की गरिबाला दिलेला पैसा परत येत नाही.

त्याच काळात आपल्याच राज्यात निराळं काही घडत होतं. मायराडा ही संस्था १९६८ मध्ये तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी निघालेली. ऐंशीच्या दशकात कोलार भागात मोठ्या सोसायट्या मोडकळीला आल्या, तेव्हा लोकांनीच पंधरा-वीस जणांचे छोटे गट करून आपापला पैसा सांभाळायला घेतला. मायराडानं त्यांना वही ठेवायला आणि बैठक चालवायला शिकवलं. संस्थेचं काम नंतर गुलबर्गा जिल्ह्यातही आलं. १९८७ मध्ये नाबार्डनं या प्रयोगाला दहा लाख रुपये दिले. १९९२ च्या फेब्रुवारीत नाबार्डनं देशभर पाचशे गट बँकांना जोडण्याची योजना काढली. गटाची नोंदणी नसली तरी खातं उघडा. तारण नसलं तरी बचतीच्या एक ते चार पट कर्ज द्या. पैसा कुणाला, कशासाठी द्यायचा ते गट ठरवील. महाराष्ट्रात ज्याला बचत गट म्हणतात, तोच आपल्याकडचा स्वसहाय संघ.

हे परिपत्रक माझ्या शाखेतही आलं होतं. मी वाचलं, सही केली आणि फाईलला लावून टाकलं.

१९९४ ची गोष्ट. बसवकल्याण-आळंद पट्ट्यातल्या एका शाखेत मी मॅनेजर होतो. एका सोमवारी सोळा बायकांमधल्या तिघी आल्या. रेक्झिनच्या पिशवीत वही. आठवड्याला प्रत्येकी दोन रुपये, वर्ष झालेलं, म्हणजे १,६६४ रुपये. वही कन्नडमध्ये, लिहिणारी सातवी पास मुलगी. बोलणं मात्र मराठी, कन्नड आणि दखनी, सगळं मिसळून. मी विचारलं, पहाणी आहे का? जामीन कोण? नवऱ्याची सही? वही मी उघडलीसुद्धा नाही. त्यातली वयस्कर बाई उठता उठता म्हणाली, "साहेब, तुमी म्हशीला कर्ज देता. बाईला का देत न्हाई?"

मी हसून सोडून दिलं.

चार महिन्यांनी वरिष्ठांनी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. जायचं माझ्या मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका गावात देवळाच्या ओट्यावर गटाची बैठक दाखवली. बायका गोल बसलेल्या. हजेरी झाली, मग बचत, मग मागच्या कर्जाचे हप्ते. एकीचा हप्ता चुकला होता. का चुकला, पुढच्या वेळी किती भरणार, हे सगळ्यांसमोर ठरलं. त्यात ना आरडाओरडा, ना साहेबाची गरज. मी तीस-तीस पानी प्रकरणं तपासून जे ओळखू शकत नव्हतो, ते त्या पाच मिनिटांत ओळखत होत्या. कोण फेडील आणि कोणाला खरंच अडचण आहे, हे शेजारणीला बँकेपेक्षा जास्त कळतं.

परत आल्यावर त्या सोळा जणींच्या गावी स्वतः गेलो. वही उघडली. बचत २,२०८ झाली होती, एक आठवडा चुकला नव्हता. पण मधल्या चार महिन्यांत एकीनं सुनेच्या बाळंतपणासाठी सावकाराकडे चांदीचे तोडे ठेवून पैसे उचलले होते. व्याज शेकडा पाच, तेही महिन्याला. म्हणजे वर्षाचे साठ टक्के. आमच्या बँकेचा दर त्याच्या पाव भागाच्या आसपास. ही तीच बाई, म्हशीबद्दल विचारणारी. मी कर्ज मंजूर केलं, ४,४०० रुपये. सगळं वेळेवर फिटलं. तिचे तोडे मात्र तोवर बुडाले होते. ती मला कधी काही बोलली नाही. मीही माफी मागितली नाही. आज वाटतं, मागायला हवी होती.

त्यानंतर वारं फिरलं. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं गटांचं कर्ज बँकांच्या नेहमीच्या कामात धरलं. आपल्या बिदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या काळात हे काम एवढं वाढवलं, की बाहेरचे लोक ते बघायला बिदरला येऊ लागले. गटांच्या प्रशिक्षणाची सोयही त्यांनी केली. २००० नंतर अंगणवाडी सेविकांच्या मदतीनं सरकारची स्त्रीशक्ती योजना आली, पुढे संजीवनी. स्वयंरोजगाराचं मोफत निवासी प्रशिक्षण देणारी रुडसेटी १९८२ मध्ये उजिरे इथं सुरू झाली होती. त्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी चालवलेल्या आरसेटी निघाल्या.

आता काळजी वेगळीच आहे. बऱ्याच गावांत बैठक नावालाच उरली. वही एकीच्या घरी, सह्या घरोघर फिरून. आणि दारात मोटारसायकलवर मायक्रोफायनान्सचा माणूस. आधारकार्ड द्या, पैसे घ्या. एका बाईवर तीन-तीन कर्जं. वसुलीचा जाच इतका वाढला, की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला वटहुकूम काढावा लागला. जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद. कायदा हवाच. पण गटाचं बळ कर्जात कधीच नव्हतं, ते बैठकीत आणि उघड्या वहीत होतं. बैठक थांबली की सावकार परत येतो, फक्त कपडे बदलून.

म्हणून आपल्यातल्या निवृत्त मंडळींना एक विनंती. बँक, शाळा, तहसील, जिथं कुठं आपण नोकरी केली, तिथं आकडे जुळवायला शिकलोच आहोत. गावी गेलात की एखाद्या संघाच्या बैठकीला तासभर बसा. वही कुणी लिहीत नसेल तर एखाद्या शिकलेल्या मुलीला लिहायला शिकवा. कुणी नवीन कर्ज घेत असेल तर वर्षाचं व्याज तिच्यासमोर मांडून दाखवा. आरसेटीचा पत्ता तुमच्या जिल्ह्याच्या लीड बँकेत मिळेल, तो गरजू मुलामुलींना द्या. पैसे देऊ नका, वेळ द्या.

मी आमच्या गावी महिन्यातून एकदा जातो. गेल्यावर मुकाट्यानं बसतो आणि आधी वही उघडतो.

तुमच्या आई-आजीची भिशी कशी चालायची, तेही जरूर लिहा.