चावडी गेली, पंचायत आली

आमचा उमरगा तालुका कर्नाटकाला टेकलेला. एकेका गावात मराठा, लिंगायत, मुसलमान, धनगर, महार, मांग, आणि शिवाराच्या कडेला लमाणांचा तांडा. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या कानडी, कुणाच्या दख्खनी, तांड्यावर गोरमाटी. निजामाच्या राज्यात सरकारी कागद मात्र उर्दूत. चावडीवर शब्द पाटील-कुळकर्ण्यांचा, अन् तो मान बापाकडून लेकाकडं वतनानं चालत आलेला.

शेवटी शेवटी रझाकारांची दहशत वाढली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. मग सूड उगवला तो गोरगरीब मुसलमानांवर. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त होरपळलेले चार जिल्हे सांगितले, त्यात आपला एक. जुनी माणसं हे दबक्या आवाजातच बोलायची.

पुढं वतनं गेली, पंचायत आली. पण खुर्ची हलली ती १९९३ च्या घटनादुरुस्तीनं. दलित-मागासांना राखीव जागा मिळाल्या, बायांना एक तृतीयांश. २०११ पासून निम्म्या. चावडीच्या पायरीखाली उभं राहणाऱ्याची नातसून आज सरपंच होऊ शकते. सही तिची अन् कारभार नवऱ्याचा, असंही चालतं. म्हणून ग्रामसभेला जावं. तांड्याच्या पाण्याचं तिथं कुणी विचारलंच नाही, तर पंचायतीची परत चावडी व्हायला किती वेळ?